महासाथीत जगाने ‘हात धुणे’ किती शोधलं? आणि त्यातून कळतं काय?

आकडेमोडे
नमस्कार मंडळी. मी नाशिकला एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. तृतीय वर्षाच्या मुलांना प्रकल्प असतो. यंदा एका गटाने विषय घेतला की कोविडच्या काळात निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी हात धुण्याबद्दल गुगलवर कधी आणि किती शोधलं.

ज्यांनी गुगल ट्रेंड्स पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे शोधांची खरी संख्या मिळत नाही. त्या भागातल्या एकूण शोधांत आपल्या शोधाचा वाटा किती ते काढतात, सगळ्यात उंच बिंदूला १०० म्हणतात आणि बाकीचं त्या प्रमाणात मांडतात. त्यामुळे वेगवेगळे काढलेले भारताचे १०० आणि ब्रिटनचे १०० शेजारी ठेवून तुलना करायची नसते. हे मुलांच्या डोक्यात शिरायलाच दोन तास गेले.

आलेखात दोन गोष्टी ठळक दिसतात. बहुतेक देशांचा सुळका मार्च २०२० मध्येच आहे. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ म्हटलं, त्याच्या आगेमागेचे आठवडे. साथ तिथे पोचलेली असो वा नसो. पुण्यात पहिले रुग्ण ९ मार्चला सापडले, देशाचा आकडा तेव्हा शंभराच्या आत होता आणि आपण हात धुण्याबद्दल धडाधड शोधत होतो. सप्टेंबर २०२० मध्ये दिवसाला ९० हजारांवर रुग्ण, मे २०२१ मध्ये ४ लाखांवर, आणि रेषा मात्र खाली लोळतेय. दुसरी गोष्ट अशी की हाँगकाँग, सिंगापूर, तैवान यांच्या रेषा बाकीच्यांच्या बऱ्याच आधी हलल्या.

प्रश्न असा, की ही रेषा मोजते काय? लोकांची भीती, की खरोखर धुतलेले हात? आणि तुम्ही त्या मार्चमध्ये काय शोधलं होतं, आठवत असेल तर तेही सांगा.

तिरकस
मी ‘सॅनिटायझर घरी कसा बनवावा’ शोधलं होतं. बायकोने ‘घरी बसलेल्या माणसाला कामाला कसं लावावं’ शोधलं असणार, कारण तिला उत्तर आधी सापडलं.

उसळपाव
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). रोचक धागा, वाचतेय.

सिंगापूरची_सई
आमची रेषा आधी का हलली ते सांगते. मी इथे २००९ पासून आहे, म्हणजे सार्सच्या साथीनंतर आले. पण इथल्या चाळिशीपुढच्या कुणाशीही बोला, २००३ कालच झाल्यासारखं बोलतात. तेव्हा इथे २३८ जणांना लागण झाली आणि ३३ गेले. आकडा लहान वाटेल, पण देशही लहान आहे. शाळेत मुलांना थर्मामीटर वाटले होते. त्यामुळे वूहानची बातमी आली तेव्हा ऑफिसातल्या आंटीने (पँट्री सांभाळतात त्या) कुणाला न विचारता बेसिनपाशी हात धुण्याच्या पायऱ्यांचा जुना कागद परत चिकटवला. कडा पिवळ्या पडलेल्या, सेलोटेपवर सेलोटेप.

७ फेब्रुवारी २०२० ला सरकारने धोक्याची पातळी नारिंगी केली आणि त्या संध्याकाळी लोकांनी तांदूळ, नूडल्स, टॉयलेट पेपर असं सगळं उचललं. म्हणजे सार्सचा अनुभव होता म्हणून घाबरले नाहीत असं नाही हं. लवकर घाबरले, इतकंच.

काढा_नको
सर, तुमच्या प्रश्नावर लोकांनी काम केलंय. तैवानच्या संशोधकांचा २०२० मधलाच एक पेपर आहे. २१ देशांत ‘हात धुणे’ या शोधाचं प्रमाण आणि साथ पसरण्याचा वेग ताडून पाहिला होता. जिथे शोध जास्त, तिथे वेग कमी. म्हणजे रेषेला काहीतरी अर्थ आहे. उगाच सगळं ‘भीती’ म्हणून उडवून लावू नये.

रेघोट्या
@काढा_नको, वाचलाय तो. पण ज्या देशांत जानेवारी-फेब्रुवारीतच हात धुण्याची चौकशी सुरू झाली, तिथे बाकीचंही सगळं लवकर सुरू झालं होतं. तैवानने ३१ डिसेंबर २०१९ पासून वूहानहून येणाऱ्या विमानांत चढून प्रवासी तपासायला घेतले. मास्क होते, विलगीकरण होतं, सई म्हणतेय ती जुनी धास्ती होती. यातलं हात धुण्याचं श्रेय वेगळं कसं काढणार? सहसंबंध आहे, कारण सिद्ध होत नाही. सर हे तिसऱ्या वर्षाला शिकवतच असतील.

शिवाय ‘देशोदेशी’ म्हणताना सांभाळून. चीनमध्ये लोक बायडूवर शोधतात, दक्षिण कोरियात नेव्हर, रशियात यांडेक्स. तिथल्या गुगलच्या रेषेवरून जनतेचं मन वाचणं अवघड आहे.

जुनं_ते_सोनं
गंमत वाटते. पाश्चात्त्यांना हात कसे धुवावेत हे २०२० साली गाणं म्हणून शिकवावं लागलं. ‘हॅपी बर्थडे’ दोनदा म्हणा म्हणे! आपल्याकडे बाहेरून आलं की आधी पायांवर पाणी, चूळ भरायची, मग घरात पाऊल. ताटावर बसण्याआधी हात, उठल्यावर हात. आपल्याला शोधायची गरजच नव्हती.

सिस्टर_माई
@जुनं_ते_सोनं, नव्हती तर फार बरं झालं असतं हो दादा. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७६ वी फेरी २०१८ च्या उत्तरार्धात झाली, म्हणजे कोविडच्या तोंडावर. जेवणाआधी साबणाने हात धुणारी कुटुंबं ३५.८ टक्के. साठ टक्क्यांहून जास्त कुटुंबं नुसत्या पाण्यावर भागवत होती. शौचाहून आल्यावर साबण वापरणारी ७४ टक्के. आणि हे लोकांनी स्वतः सांगितलेलं. कुणी मोरीत उभं राहून पाहिलेलं नाही.

पाण्याने हात ओले करणं ही आपली रीत आहे, खरं आहे. पण नुसत्या पाण्याने तेलकट थर जात नाही आणि त्यात अडकलेले जंतूही जात नाहीत.

उंबरठा
आणि ‘पायांवर पाणी’वाल्या त्याच घरांत कुणाला दुरून ओंजळीत पाणी ओतलं जायचं, कुणाचा कप दारामागच्या कोनाड्यात वेगळा असायचा, हेही आठवा. सोवळं जंतूंसाठी नव्हतं. माझी आजी त्या कोनाड्यातल्या कपातून चहा प्यायलीय, म्हणून बोलतेय.

जुनं_ते_सोनं
विषय कुठून कुठे नेताय. मी फक्त स्वच्छतेबद्दल बोललो.

उंबरठा
मीही.

जुनं_ते_सोनं
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

व्यवस्थापक
जातीचा इतिहास या विषयाशी जोडलेला आहे, त्यामुळे वरचे प्रतिसाद ठेवले आहेत. पण यापुढे वैयक्तिक टोलेबाजी नको. धागा हात धुण्यावर आहे, एकमेकांना धुण्यावर नाही.

तिरकस
व्यवस्थापकांना विनोद जमला! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

लातूरकर
सगळं वाचलं. वीस सेकंद नळाखाली हात. बरं. साधा नळ मिनिटाला सहा लिटर सोडतो असं धरा, म्हणजे चोळताना नळ चालू ठेवला तर एका वेळेला दोन लिटर. घरात पाच माणसं, दिवसातून आठ वेळा. ऐंशी लिटर. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, त्या दिवसांत आमच्याकडे हात-तोंड धुतलेलं पाणी परातीत धरून संडासात टाकायचे. तिथे कोण गुगल करतंय?

सर, तुमच्या आलेखात ज्याच्याकडे मोबाइल आहे तो दिसतो. ज्याच्याकडे पाणी नाही तो दिसत नाही.

सिस्टर_माई
+१ लातूरकर. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातल्या २३० कोटी लोकांच्या घरी साबण-पाण्याची साधी सोय नव्हती. दहातले तीन जण धरा.

फक्त एक. चोळताना नळ बंद ठेवायचा असतो. ओला, साबण, चोळा, मग पाणी. अर्धा-पाऊण लिटरमध्ये होतं. तांब्याने दुसऱ्याने घातलं तर त्याहून कमी.

मॉन्रोव्हियाचा_मामा
मी लायबेरियात एका व्यापारी पेढीत आहे, इबोलाच्या साथीच्या आधीपासून. भारतीय दुकानदार इथे बरेच आहेत. २०१४ मध्ये इथे प्रत्येक दुकानाच्या, बँकेच्या, चर्चच्या दाराशी तोटी लावलेली बादली असायची. स्टुलावर बादली, खाली दुसरी बादली, पाण्यात क्लोरीन. हात धुतल्याशिवाय रखवालदार आत सोडायचा नाही, गिऱ्हाईक असो की मालक. आमच्या गल्ल्यातल्या नोटांनासुद्धा तो वास यायचा. शर्टांच्या बाह्या मनगटापाशी फिकट पडल्या होत्या, त्यावरून कोण इथला आणि कोण नुकता विमानाने उतरलाय ते कळायचं. त्या साथीत या छोट्या देशात ४,८०० च्या आसपास माणसं गेली.

मार्च २०२० मध्ये इथे पहिला कोविड रुग्ण निघाला, तेव्हा मी गोदामात बादल्या शोधायला गेलो तर आमच्या पोऱ्याने त्या आधीच धुऊन दारात मांडल्या होत्या. त्याने काही सर्च केलं नव्हतं. त्याच्याकडे तेव्हा साधा बटणांचा फोन होता. तुमच्या मुलांना म्हणावं लायबेरियाची रेषा काढून बघा.

आकडेमोडे
मामा, आत्ताच काढली. बहुतेक आठवडे शून्य. शोध फार कमी असले की ट्रेंड्स शून्य दाखवतं किंवा डेटा पुरेसा नाही म्हणतं. हे उदाहरण उद्या वर्गात वापरतो, तुमची परवानगी गृहीत धरून.

मॉन्रोव्हियाचा_मामा
खुशाल वापरा. पोऱ्याला सांगतो, खूश होईल.

मळीवाला
सॅनिटायझरचा विषय निघालाच आहे तर आमच्या बाजूचं सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. १३ मार्च २०२० ला केंद्राने मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू कायद्यात टाकले, आठवडाभरात २०० मिलीला १०० रुपये कमाल किंमत ठरवली. त्याच सुमारास आम्हाला विचारणा आली की स्पिरिट आहे, सॅनिटायझर कराल का? एरवी उत्पादन शुल्क खात्याचा एक कागद हलवायला जोडे झिजतात. त्या वेळी परवाने हातोहात मिळाले.

फॉर्म्युला जागतिक आरोग्य संघटनेचा. इथेनॉल ८० टक्के, ग्लिसरॉल १.४५, हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१२५, बाकी उकळून गार केलेलं पाणी. लोक विचारायचे, ९६ टक्क्यांचंच द्या ना, जास्त जालीम असेल. नसतं. प्रथिनं मोडायला पाणी लागतं आणि ९६ टक्क्यांचं हातावरून उडूनही लवकर जातं. पहिल्या लॉटला मळीचा असा वास होता की गावातल्या दुकानदाराने फोन करून विचारलं, साहेब, हे लावायचंय की घ्यायचंय?

तिरकस
दुकानदाराचा प्रश्न रास्त होता.

वणीकर
तिरकस, गंमत म्हणून घेतलं, पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा विनोद होत नाही. एप्रिल २०२१ मध्ये दारूची दुकानं बंद होती, वणीत सॅनिटायझर पिऊन माणसं मेली. त्याच्या आधी जानेवारीअखेरीला घाटंजी तालुक्यात १२ लहान मुलांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं वाचली. वस्तू घराघरांत पोचली, ती काय आहे हे तितकं पोचलं नाही. रेषेत हेही येत असणार. कोण ‘सॅनिटायझर पोटात गेलं तर’ असं शोधत असेल, त्याचाही बिंदू तिथेच पडतो.

तिरकस
माफी. खरंच माहीत नव्हतं.

आयआयटीचा_नव्हे
मूळ मुद्द्यावर येऊ का? हात धुण्याचा एवढा गाजावाजा झाला, पण विषाणू मुख्यतः हवेतून पसरत होता. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथलं रोगनियंत्रण केंद्र) एप्रिल २०२१ मध्ये म्हटलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लावून लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहून कमी. आपण भाज्या सोड्यात बुडवत होतो, दुधाच्या पिशव्या सर्फने धूत होतो आणि खिडक्या बंद करून एसीत बसत होतो. त्यामुळे शोधांची रेषा उंच असो की बुटकी, साथीला फरक पडला नसता.

काढा_नको
शाब्बास. म्हणजे आता हात धुणंही फुकट?

सिस्टर_माई
फुकट नाही. हवेचं तुमचं बरोबर आहे, खिडकी उघडा हे आम्हीही उशिरा सांगायला लागलो. पण हात फक्त कोविडसाठी नसतात. साबणाने हात धुण्याच्या सवयीने जुलाबाचे प्रसंग साधारण ३० टक्क्यांनी कमी होतात. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, तिथे साबणच लागतो.

आता माझ्या वॉर्डातली गोष्ट. नव्या मुलींना शिकवताना आम्ही हातावर एक चमकणारं जेल चोळायला लावतो. मग म्हणायचं, जा, स्वच्छ धुऊन या. येतात, हात पुसत, एकदम आत्मविश्वासाने. यूव्ही दिव्याच्या डब्यात हात घातला की अंगठा मुळापासून निळा, नखांच्या कडा निळ्या, अंगठीखाली निळं वळं. तळवा मात्र लख्ख. सगळ्यांचा तळवा लख्खच असतो, कारण धुणं म्हणजे तळव्यावर तळवा घासणं हेच आपण लहानपणापासून करत आलो. यातल्या बऱ्याच जणींनी व्हिडिओ पाहिलेले असतात, पायऱ्या तोंडपाठ असतात.

म्हणून सर, शोधलं म्हणजे केलं, यावर माझा अजिबात विश्वास नाही. रुग्णालयात हात कधी धुवायचे याचे पाच क्षण ठरलेले आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या खाटेला-टेबलाला हात लावल्यावर. पाचवा सगळ्यात जास्त चुकतो. माहीत नसतो म्हणून नाही. पलीकडच्या खाटेवरून ‘सिस्टर, सलाइन संपली’ अशी हाक येते म्हणून.

उसळपाव
माई, हा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती उठून अंगठा धुऊन आली. :)

रच्याकने (जाता जाता), आईने २०२० मध्ये काहीच शोधलं नव्हतं. फोन लावला की आधी ती खोकल्याची कॉलर ट्यून लागायची, त्यातून तिला सगळं कळलं. ती तर म्हणायची, फोन उचलायच्या आधीच माणूस खोकतोय, कशाला बोलू.

सिंगापूरची_सई
ती ट्यून! भारतात फोन लावला की आमचा दोन वर्षांचा लेक लगेच खोकून दाखवायचा. त्याला वाटायचं आजोबांना असंच हाक मारतात.

रेघोट्या
उसळपाव यांच्या आईवरून आठवलं. बातमी, कॉलर ट्यून, व्हॉट्सअ‍ॅप आणि शोध हे एकमेकांना ढकलत असतात. आणि गुगल स्वतः यात तटस्थ नव्हतं. २० मार्च २०२० ला त्यांच्या पहिल्या पानावर डॉ. इग्नाझ झेमेलवाइसचं डूडल (गुगलच्या नावाच्या जागी काढलेलं खास चित्र) होतं, हात धुण्याच्या पायऱ्यांसकट. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात याने शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या चुन्याने हात धुवायला लावले. त्याच्या वॉर्डातलं एप्रिलमधलं १८ टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण काही महिन्यांत दोन टक्क्यांच्या घरात आलं. सहकाऱ्यांनी मानलं नाही. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेला बिचारा.

तर मुद्दा असा की डूडलवर टिचकी मारली की शोधच सुरू होतो. जगभरच्या लोकांनी त्या दिवशी ती मारली. सर, तुमच्या मुलांनी ज्या आठवड्याला सुळका म्हटलंय त्यात हा दिवस आहे. मोजपट्टीनेच कापड ओढलंय.

गुगलला याची ठेच आधी लागलेली आहे. २००८ मध्ये शोधांवरून फ्लूचा अंदाज सांगणारी सेवा काढली, २०१२-१३ च्या हिवाळ्यात प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट फ्लू दाखवला आणि २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. फ्लूच्या बातम्या वाचून निरोगी माणसंही शोधत होती.

मळीवाला
साबणवाल्यांनाही विसरू नका. त्याच मार्चमध्ये लाइफबॉय आणि डेटॉलवाले एका जाहिरातीवरून मुंबई उच्च न्यायालयात पोचले होते. देश हात धुतोय आणि हे कोर्टात. जाहिरातींचा मारा वाढला की शोधही वाढणारच. २०१३ च्या प्रयागच्या कुंभात तर लाइफबॉयने पोळ्यांवर छाप उठवला होता, हात धुतले का म्हणून. ते कुठल्या आलेखात येणार?

लातूरकर
पोळीवर छापण्यापेक्षा एक तोटी बसवायची.

आकडेमोडे
सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा फार पुढे गेला.

रेघोट्यांचा डूडलचा मुद्दा मुलांना कळवला. आता २० मार्चच्या आधीचा आणि नंतरचा भाग ती रोजच्या आकड्यांवरून वेगळा काढणार आहेत. माझं आताचं मत असं की रेषा बातमी कधी पोचली ते दाखवते. हातांबद्दल ती काही सांगत नाही. सिंगापूरला बातमी जुन्या आठवणीवर पडली म्हणून लवकर पोचली. आपल्याकडे ती टीव्हीवरून आणि कॉलर ट्यूनवरून सगळ्यांना एकदमच आली. लायबेरियात पोचायची गरजच नव्हती.

तरी आयआयटीचा_नव्हे म्हणतात तसं निरुपयोगी मी म्हणणार नाही. लोक एखादी गोष्ट आपणहून विचारायला लागतात तो काळ दोन-तीन आठवड्यांचाच असतो, एवढं तरी यातून दिसतं. आरोग्य खात्याला जे सांगायचं ते त्या आठवड्यांत सांगायला हवं. खिडक्या उघडा, हे त्या मार्चमध्येच सांगितलं असतं तर?

आयआयटीचा_नव्हे
हे पटलं. पण तेव्हा सांगणाऱ्यांनाच ते मान्य नव्हतं, ही गोची.

काढा_नको
माझं तैवान मी सोडलेलं नाही. सवडीने येतो.

उसळपाव
माई, १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिन असतो. आमच्या झेडपीच्या शाळेत दरवर्षी मुलं रांगेत उभी राहून फोटोपुरते हात धुतात. तुमचं ते चमकणारं जेल आणि दिवा शाळेला परवडेल का?

सिस्टर_माई
दिवा नकोच. हातात पातळ रबरी मोजे घालायला द्या, डोळ्यांना रुमाल बांधा आणि तळव्यावर चमचाभर पोस्टर कलर घाला. साबण समजून हात धुण्याच्या पायऱ्या कर म्हणा. रुमाल सोडला की जिथे रंग लागला नाही ते त्यांचं त्यांनाच दिसतं. निळा किंवा लाल घ्या, पिवळा मोज्यांवर नीट दिसत नाही. मोजे मुलांच्या मापाचे मिळत नाहीत, मनगटाला रबरबँड लावा.

तिरकस
आधी शिक्षकांवर करून बघा.

उसळपाव
मुख्याध्यापकांपासून सुरुवात करते. फोटो टाकीन.